करिताबाई

धुकं इतकं दाट होतं, की पाणीपुरवठा मंडळाच्या कचेरीचं कुलूप बाईंना हाताने चाचपून उघडावं लागलं. आत जाऊन त्यांनी खिडक्या उघडल्या, पंपवाल्याला फोनवर चार शब्द सुनावले आणि टपालावर सह्या करायला बसल्या. सही स्वतःची, खाली शिक्का 'मुख्य अधिकाऱ्यांकरिता'. त्यावरून कचेरीत त्यांचं नावच पडलं, करिताबाई.

नोकरी तात्पुरती, कामं मात्र कायमची. माणसं नेमायची आणि आपलं काम हाताखालच्यावर सोपवायचं, असे दोन अधिकार साहेबांना, म्हणजे मुख्य अधिकाऱ्यांना, कायद्याने होते. सोपवायचा ते रोज वापरत. नेमायच्या अधिकाराला मंडळाची मंजुरी लागे, ती यंदा एकदाची मिळाली. कायम जागा निघाली ती बाई करत होत्या त्याच कामाची. पुढल्या साली त्या वयात बसणार नव्हत्या, म्हणून अर्ज केला, आणि आज मुलाखती होत्या.

साहेब घाईघाईने आले. "बाई, मला वरून बोलावणं आलंय. निवड समितीत माझ्या जागी तुम्ही बसा."

"साहेब, मी स्वतःच उमेदवार आहे."

"मग काय झालं? तुमची पाळी आली की खुर्ची बदला. घरचंच कार्य आहे."

बाईंना खटकलं. पण साहेबांना नाही म्हणायची त्यांच्या जिभेला सवय नव्हती. शिवाय मनात आलंच, की आपण तिथं बसलेल्या असताना आपल्याला डावलणार कोण?

त्या बसल्या. पोरीबाळींना प्रश्न विचारले. पाळी आली तशी समोरच्या खुर्चीत गेल्या. समितीतले दोघे हसले, "आता तुम्हाला काय विचारायचं?" आणि पहिलं नाव त्यांचंच लागलं.

आठवड्याने कायदा सल्लागारांचा शेरा आला. निवडणारा स्वतःला निवडू शकत नाही. बाईंचं नाव बाद, दुसऱ्या नंबरची मुलगी घ्या.

साहेब म्हणाले, "अहो, तुम्हाला कळायला नको? तुम्ही मला सांगायचं."

"सांगितलं होतं साहेब."

"लेखी?"

बाईंनी पुढ्यातलं टपाल सारखं केलं.

"हे बघा, काम तुमच्यावर सोपवलं म्हणजे जबाबदारीही तुमची." मग आवाज मऊ करून म्हणाले, "ती मुलगी सोमवारी येईल. महिनाभर तिला सगळं शिकवा, मग तुम्ही मोकळ्या."

संध्याकाळी सासूबाई दारातच उभ्या होत्या. "काय गं, झाली का कायम?"

"झाली. दुसरी कुणीतरी."

"आणि तू?"

"मी तिला शिकवणार."

सासूबाईंनी साहेबांच्या सात पिढ्या काढल्या. साहेबांच्या पिढ्या संपल्या तशा सुनेकडे वळल्या, "आणि तू कशाला गं बसलीस त्या खुर्चीत?"

बाईंनी पदर खोचला, सूप पुढे ओढलं आणि लसूण सोलायला घेतला.