डोंगर दिसल्याशिवाय शिक्का नाही

आमच्या गेन्पेईंना बूड टेकवून बसणं कधी जमलंच नाही. नोकरी संपली आणि हे वेड लागलं. डोंगरालगतच्या टपाल कचेऱ्यांत त्या त्या डोंगराचं चित्र असलेला तपकिरी शिक्का असतो. कार्डावर तिकीट लावायचं, खिडकीत द्यायचं, शिक्का मारून कार्ड परत घ्यायचं. त्यातही यांचा हट्ट असा की आधी तो डोंगर स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा, मगच शिक्का. ढगापायी कितीदा हात हलवत परत आलेत. शिक्का जरा फिसकटला तर खिडकीतल्या माणसाची खैर नाही, नव्या कार्डावर पुन्हा मारायला लावतात.

मित्सुबादाके या तीन सुळक्यांच्या डोंगराची कचेरी कायमची बंद होणार असं कळलं, आणि यांनी घरात येरझारा घालून माझा जीव नकोसा केला. एरवी एकटेच जातात. या वेळी म्हणाले, "त्सुया, तूही चल." मला नवल वाटलं, खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

कचेरीचा शेवटचा दिवस, आणि डोंगर ढगात गुडूप. हे सारखे आत-बाहेर. मी भाताचा गोळा यांच्या हातात कोंबला, तो यांनी चालता चालता अर्धा खाल्ला आणि उरलेला खिशात टाकला.

"काका, दार तरी लावत जा, गारठलो आम्ही," खिडकीतल्या हिराबायाशीबाई म्हणाल्या. "देऊ का मारून शिक्का? बंद करायची वेळ होत आली."

"डोंगर दिसू दे आधी."

"अहो, डोंगर कुठं पळून जातोय? कचेरी चाललीय," मी म्हटलं.

"तू मला शिकवू नकोस," म्हणत हे पुन्हा बाहेर.

शेवटी मीच त्यांना ओढून आणायला बाहेर गेले. ढग केव्हाच सरले होते. तिन्ही सुळके लख्ख उघडे, आणि हे मान ताणून नेमके तिकडेच पाहत होते.

"मेला ढग हलायला तयार नाही," ते म्हणाले.

जिन्यावरचं चाचपडणं, माशाचे काटे मला काढायला लावणं, चष्मा सापडत नाही म्हणून पेपर वाचून घेणं, सगळं एकदम ध्यानात आलं. मला राग आला, माझ्यापासून लपवलं म्हणून. त्याहून जास्त रडू येत होतं.

"काका, करते हं बंद!" आतून हाक आली.

मी त्यांची बाही धरली. "दिसला बघा. तिन्ही सुळके. मधल्यावर बर्फ आहे."

दिवसभरात पहिल्यांदा त्यांचे पाय थांबले. त्यांनी हळूच विचारलं, "उजवा वाकलेला आहे का गं?"

"आहे."

"मग चल."

बाईंचाही तो शेवटचा शिक्का. तो जरा सरकला आणि मधल्या सुळक्याचा पार डाग झाला. त्यांनी घाबरून कार्ड पुढे केलं. आता हे तोंड सोडणार म्हणून मी श्वास रोखला.

यांनी कार्ड नाकाशी नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं. मग बाईंना वाकून नमस्कार केला.

"सुरेख उठलाय. हो ना गं, त्सुया?"

बाई माझ्याकडे पाहत राहिल्या.

"हो," मी म्हटलं. "अगदी स्वच्छ."