जातीवरून काही बोलले का?

"घरात विंचू निघाला तर त्याला कुणी उपदेश करत बसतं का?" महाराजांनी माइकवर विचारलं. शेडमधले सगळे नाही म्हणाले. मग काय करता, महाराजांनी विचारलं. ठेचतो, सगळे म्हणाले. "हे पुरुषांबरोबर झोपणारे पुरुष तसेच. तुमच्या कंपनीतही असतील. ठेचा."

माना माझ्याकडे वळल्या. मी तिसऱ्या ओळीत मांडी घालून बसलो होतो. हातात शिऱ्याचा द्रोण. आधी एक जण हसला, मग सगळी शेड हसली. मालक पुढे खुर्चीवर होते, तेही हसले. मी शिरा खात राहिलो.  

खंडेनवमीचा दिवस होता. चाकणला गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवणाऱ्या कंपनीत मी प्रेसवर काम करतो. खंडेनवमीला प्रत्येक ऑपरेटर आपलं मशीन पुसतो, झेंडूचा हार घालतो, समोर नारळ फोडतो. आम्ही बौद्ध. मी मशीन लख्ख पुसतो, हारही घालतो, पण पूजा करत नाही, नारळ फोडत नाही. नवीन होतो तेव्हा हे भीत भीतच सांगितलं होतं. पण शेजारच्या प्रेसवरचा दत्ता म्हणाला, "तू नको फोडू राव. मी दोन फोडतो. मशीनला उपाशी ठिवायचं न्हाई." दत्ता चाकणजवळच्या गावचा, शेतकऱ्याच्या घरचा. तेव्हापासून दरवर्षी त्याने माझ्या वाटचा नारळ फोडला. डबाही आम्ही एकत्रच खायचो. माझा धर्म माझ्यापाशी, त्याचा त्याच्यापाशी. इतकं सोपं असतं ते, असं मला वाटायचं.

यंदा मालकांनी पूजेनंतर प्रवचन ठेवलं. त्याच्या थोडे दिवस आधी दत्ताने वेळ बघायला माझा मोबाइल उचलला होता. तळेगावला माझा माणूस राहतो, त्याचा प्रेमाचा मेसेज नेमका तेव्हाच आला. दत्ताने मोबाइल खाली ठेवला आणि डबा न संपवता उठला. संध्याकाळपर्यंत सगळ्या लाइनला माहीत झालं. 

खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी कंपनीला सुट्टी. त्यांचा दसरा, आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. दापोडीच्या विहारात पांढरे कपडे घालून मी वडिलांशेजारी पंचशील म्हणत होतो आणि खिशात मोबाइल थरथरत होता. कंपनीच्या ग्रुपवर कुणीतरी प्रवचनाची क्लिप टाकली होती. घरी येऊन दार लावून ऐकली. 'ठेचा' म्हटल्यावर जे पहिलं हसू येतं, ते रेकॉर्ड करणाऱ्या मोबाइलच्या अगदी जवळचं आहे. शेवटी नाकातून सूं करणारं. डबा खाताना ते हसू मी इतकी वर्षं ऐकलंय. दत्ताचं होतं.

मग ती क्लिप कंपनीच्या बसमध्ये रोज वाजायला लागली. आधी महाराज, मग दत्ता, मग सगळे. मी खिडकीबाहेर ट्रक बघत बसायचो. एकदा उतरताना मागून कुणीतरी हळूच "ठेचा रे" म्हणालं आणि पाठीत दणका बसला. मी फुटपाथच्या दगडावर आपटलो. भुवई फुटली. रक्ताने डोळा भरला तरी एवढं दिसलं, की दत्ता खिडकीशी बसलाय आणि पलीकडे बघतोय.

दवाखान्यात वडील आले. टाके बघितले आणि काहीही न विचारता मला स्कूटरवर बसवून चौकीत घेऊन गेले. वडील पिंपरीच्या कंपनीतून रिटायर झालेत. तरुणपणी एका वर्कशॉपमध्ये त्यांचा पाण्याचा ग्लास वेगळ्या खिळ्याला टांगलेला असायचा. एक दिवस ते सगळ्यांच्या ग्लासने पाणी प्यायले आणि त्यांनी बेदम मार खाल्ला. तेव्हा कुणी तक्रार लिहून घेतली नाही. वाटेत ते एवढंच म्हणाले, "या वेळी लिहून घेतल्याशिवाय उठायचं नाही."

चौकीतले हवालदार वयस्कर होते, वागायला बरे होते. त्यांनी पाणी दिलं. मी महाराजांचं, बसचं सांगायला लागलो. पण महाराज नक्की कुणाबद्दल बोलले, ते तोंडातून निघेना. हवालदारांनी मला थांबवून विचारलं, "जातीवरून काही बोलले का?"

वडिलांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बोललेच असणार साहेब. दुसरं काय कारण असणार? लिहा."

हवालदारांनी पेन उघडलं. तसं असेल तर कायदा कडक आहे, मोठ्या साहेबांना स्वतः यावं लागेल, असं म्हणाले. आणि तसं नसेल तर महाराज त्यांच्या धर्माचं बोललेत, धक्का कुणी दिला ते तुम्ही पाहिलेलं नाही, मग मी लिहू काय?

एक 'हो' पुरलं असतं. मालक घाबरले असते. सगळी दापोडी माझ्यामागे उभी राहिली असती. आणि वडिलांना कधीच काही कळलं नसतं. तो 'हो' माझ्या जिभेवर आला होता, हे मी लपवत नाही. पण तो कायदा माझ्या वडिलांसारख्यांनी मार खाऊन मिळवलाय. त्यात मी खोटं घुसडलं, तर उद्या खरोखर कुणाचा तरी ग्लास खिळ्याला टांगला जाईल आणि लोक म्हणतील, ही माणसं खोट्याच केसेस करतात. शिवाय मला मारलं होतं ते ज्या कारणाने, ते कारण मी स्वतःच पुसून टाकलं असतं. ज्यांना मी नको आहे त्यांचं काम मीच करायचं? मला संताप आला. सगळ्यांचा, आणि त्या खांद्यावरच्या हाताचाही, कारण तो इतका उबदार होता.

"नाही," मी म्हणालो. "जातीचा शब्द कुणी काढला नाही. मी पुरुषावर प्रेम करतो. म्हणून ढकललं."

खांद्यावरचा हात निघाला. वडील उठले आणि बाहेर जाऊन स्कूटरजवळ उभे राहिले. हवालदारांनी पेन खाली ठेवलं. आवाज खाली आणून म्हणाले, बाळा, धर्मात जे आहे ते बोलायचं त्यांना स्वातंत्र्य आहे.

मी म्हणालो, "पाप म्हणू द्या. नरकात पाठवू द्या. तो त्यांचा धर्म, मी ऐकून घेईन. पण ते ठेचा म्हणाले आणि मला ठेचलं. तेवढं लिहा."

त्यांनी पुन्हा पेन उचललं. मग अदखलपात्र म्हणून, म्हणजे तपासाविना नुसती नोंद म्हणून, लिहून घेतलं. महाराजांचं नाव घालायला तयार नव्हते. ते घातल्याशिवाय मी उठलो नाही.

वडील त्या दिवसापासून माझ्याशी बोललेले नाहीत. ताट वाढलेलं असतं, ते उठून गेलेले असतात. घरात इतकी शांतता असते की ते हसू ऐकू येतं. कामावर प्रेस खाली आली की 'ठेचा', वर गेली की ते नाकातलं सूं. मी हात आत घालायच्या आधी दोनदा मागे वळून बघतो. भीती गेलेली नाही.

परवा दत्ता माझ्या प्रेसपाशी आला. तक्रार मागे घे म्हणाला. "महाराज आमच्या गावचे हायेत राव. तू नारळ फोडत न्हाईस, तुला कुणी कधी काय म्हणलं का? आमी चालवून घेतलंच ना?"

चालवून घेतलं. हाच तो शब्द. इतकी वर्षं मी ज्याला मैत्री समजत होतो, ती त्यांनी दिलेली सवलत होती. द्यावीशी वाटली तोवर दिली, नकोशी झाली तेव्हा काढून घेतली. मला सवलत नको आहे.

तक्रार मागे घेणार नाही, असं मी त्याला सांगितलं. हेही सांगितलं, की पुढच्या खंडेनवमीला माझ्या मशीनसाठी नारळ फोडायचा नाही. माझं मशीन मी पुसेन, हार घालेन. मग प्रवचनाला पहिल्या ओळीत बसेन. महाराजांनी त्यांच्या देवाचं काय सांगायचं ते सांगावं. पण 'ठेचा' हा शब्द पुन्हा माइकवर आला, तर मी उभा राहीन आणि सगळ्या शेडला ऐकू जाईल असं म्हणेन, ज्याला ठेचायला सांगताय, तो मी आहे.