परबकाकांचं गाऱ्हाणं

चारकोपला राहायला आले त्या दिवशी सामान अजून जिन्यातच होतं, तेवढ्यात खालच्या मजल्यावरून एक गृहस्थ वर आले. "मी परब. बायपोलर आसा माका. बरीच वर्षां गप आसा. नावां इसरतंय, तेवा राग मानू नको." एका दमात सांगून त्यांनी सरळ माझं कपाट उचलायला हात लावला. आमच्याकडे मूळव्याधसुद्धा लपवतात!

आजार शांत होता, पण शांत झाल्यावरही तो डोक्यातलं थोडं काहीतरी घेऊन गेला होता. बोलता बोलता काका थांबत. शब्द हवा तेव्हा मिळत नसे. समोरचा घाईने वाक्य पुरं करायला गेला की कडाडत, "माजां वाक्य हा ता. मधी हात घालू नको!" मीसुद्धा एकदोनदा ऐकून घेतलंय.

गोळ्यांनी बुद्धी मंद होते, सोडून बघा, असं एका शहाण्याने त्यांना माझ्यादेखत सुचवलं. काका हसले. "आजार जोरात होतो तेवा माका सगळा आठवायचा रे. पंचांग तोंडपाठ. आणि भरलेलो फ्रीज रस्त्यावरच्या माणसाक देवन इलंय. काकीक विचार." काकू आतून म्हणाल्या, "आइस्क्रीम होतं त्यात."

सोसायटीचा गणपती पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये बसे. विसर्जनाला निघण्याआधी गाऱ्हाणं काका घालत. कोकणातली पद्धत. एकाने देवाला सगळ्यांच्या वतीने खणखणीत आवाजात साकडं घालायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून होकार भरायचा. काका त्यात प्रत्येक घराच्या ग्रामदेवतेचं नाव घेत. कोकणातली नसूनही माझ्या साताऱ्याकडच्या देवीला त्यात जागा होती. मागच्या वर्षी मात्र ते मध्येच बराच वेळ अडकले आणि लोक चुळबुळले.

म्हणून यंदा आमचा सेक्रेटरी शेलार त्यांच्या दारात उभा. "काका, या वर्षी दुसऱ्या कोणाला देऊ या ना. तुमच्या गोळ्या चालू आहेत..."

"गोळ्यो चालू आसत म्हणान मी उभो आसंय. बंद केलंय तर तुमची वाट लागात!"

"मग निदान मोबाईलवर बघून वाचा."

"देव काय शाळा तपासूक इलेलो सायेब आसा, वाचून दाखवूक?"

दार बंद झालं. मला मनापासून आनंद झाला, आणि धास्तीही वाटली. काका पुन्हा अडकले तर गाऱ्हाण्याचा माइक त्यांच्या हाती परत कधीच येणार नव्हता.

आणि विसर्जनाच्या दिवशी ते अडकलेच. रवळनाथ झाला, सातेरी झाली, वेतोबा झाला आणि पुढे काहीच नाही. शेलार माइक घ्यायला पुढे सरसावला. काकांनी माइक छातीशी धरला, डोळे मिटले आणि आवाज चढवला.

"बा देवा म्हाराजा, माज्या डोक्यात सगळ्यांका जागा हा, पण दार अडाकता. तेवा ज्येचो देव माज्या तोंडात येवक नाय, त्येणा तो आपल्या तोंडान घेवचो, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सवयीने सगळे गरजले. मग लक्षात आलं, देवासमोर कबूल करून बसलो.

माइक फिरला. मी आमच्या देवीचं नाव मोठ्याने घेतलं, तेव्हा रडू येत होतं. पण कित्येकजण नुसते उभे. एकीने गावी आईला फोन लावला. निम्म्यांना आपला देव ठाऊकच नव्हता. वर्षानुवर्षं काकांच्या आठवणीवर "व्हय" म्हणत आले होते.

माइक शेलारकडे गेला. त्याचा चेहरा लाल झाला. हळूच म्हणाला, "काका, आमचा देव कुठला हो?"

"आठवता माका," काका म्हणाले. "पण तुजो देव तू सांग. सावकाश सांग. आमी थांबतो."

खाली विसर्जनाचा टेम्पो हॉर्न वाजवत होता. काका गॅलरीत गेले आणि खाली वाकून ओरडले, "ए, गप! माणूस आठवता हा!"