रूबेन जगावा, एवढीच मागणी

अन्याय माझ्या भाच्यावर झाला. गेल्या नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, शारजातल्या एका इस्पितळात तो अकरा आठवडे आधीच जन्माला आला आणि त्याच्या पायाला पट्टी बांधली गेली : ‘बेबी ऑफ दिना’. दिना माझी मोठी बहीण. पोराच्या पायावर आईचं नाव होतं, स्वतःचं नव्हतं. असा तो काचेच्या पेटीत पडून होता, नळ्या लावलेला, माझ्या तळहाताएवढ्या छातीनं श्वास ओढत. दोष इस्पितळाचा नव्हता. नाव आम्हीच अडवून धरलं होतं.

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले मराठी यहुदी. आमच्यात मुलगा झाला की आठव्या दिवशी सुंता होते आणि तेव्हाच त्याचं नाव पहिल्यांदा मोठ्यानं घेतलं जातं, त्याआधी नाही. पण सुंतेला बाळ धडधाकट लागतं आणि हे जेमतेम अकराशे ग्रॅमचं. आठवा दिवस आला, गेला. पंधरावा गेला. ठाण्याहून आईचा रोज फोन यायचा आणि ताकीद एकच असायची, नाव तोंडातून काढू नका. मी कॉलेजात असल्यापासून पत्रकं लिहीत आलेली मुलगी. हॉस्टेलच्या पाण्यासाठी लिहिली, झाडूवाल्या बायकांच्या सुट्टीसाठी लिहिली. इथे हमरिया फ्री झोनमधल्या ऑफिसात मालाचे कागद तयार करते, पण सवय जात नाही. देवाला मानत होते तेही निवेदन देण्यापुरतं. आईला म्हटलं, “वजन सुंतेला लागतं. नावाला कशाला लागतं?” ती म्हणाली, “सगळंच तुझं पत्रक नसतं, बाई.” आणि फोन ठेवला.

नाव ठरलेलं होतं. रूबेन, आमच्या वारलेल्या पप्पांचं. आमच्या धर्मग्रंथातल्या लेआच्या पहिल्या मुलाचंही हेच नाव. लेआ म्हणजे जिला बापानं बुरख्याआड लपवून याकोबाच्या गळ्यात मारलं आणि सकाळी तोंड पाहून नवऱ्यानं जिला नको म्हटलं, ती. मुलगा झाल्यावर ती म्हणाली, देवानं माझं दुःख पाहिलं. हिब्रूत त्या नावाचा सरळ अर्थ ‘पाहा, मुलगा’ असा लागतो. नाव तिनं स्वतः ठेवलं, कुणाला विचारल्याचं कुठे ऐकलेलं नाही. पुढे रूबेनच्या वंशाचं फारसं भलं झालं नाही. त्याच्याच चुकीनं थोरलेपणाचा मान गेला. त्याच्या लोकांनी यार्देन नदीच्या पूर्वेला गुरांसाठी कुरणं धरली आणि अश्शूरच्या राजानं माणसं हाकलून नेली तेव्हा पहिल्या फटक्यात गेले ते हेच. पुन्हा त्यांचा पत्ता लागला नाही. आमचे कोकणात गलबत फुटून आलेले पूर्वज कोणत्या वंशातले, हेही कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. तरी अलिबाग-पेणकडे आमच्या घरटी एक रूबेन सापडतो. वंश हरवला, नाव टिकलं. आणि आमच्या मोशे संदेष्ट्यानं मरण्याआधी सगळ्या वंशांना आशीर्वाद दिले तेव्हा या वंशासाठी राज्य मागितलं नाही, धान्य मागितलं नाही. रूबेन जगावा, मरू नये, एवढंच मागितलं. पप्पा हे सांगताना नेहमी हसायचे, म्हणायचे, आमच्या वाट्याला किमान वेतन आलं.

बाविसाव्या दिवशी संध्याकाळी दिना पेटीपाशी बसून रडत होती. म्हणाली, मी याला हाक तरी काय मारू? माझं डोकं फिरलं. बॅगेतून कागद आणि मार्कर काढला. पत्रकाचा नियम आहे, वर नाव, खाली मागणी. मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलं, ‘रूबेन’, आणि खाली, ‘जगावा’. ड्युटीवरच्या सिस्टरला विचारलं, तिनं काचेला बाहेरून चिकटवायची परवानगी दिली. दिनानं फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला.

पाच मिनिटांत आईचा फोन आला. मला वाटलं, ओरडेल. ती ओरडली नाही. तिचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. “एक रूबेन मी मातीत दिलाय,” ती म्हणाली. “दुसऱ्याला हाक मारली आणि तो थांबला नाही तर?” इतके दिवस मी जिला रूढी समजून भांडत होते, ती भीती होती. कागद काढू का, विचारलं. ती म्हणाली, आता लावलास ना, राहू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात होते तेव्हा दिनाचा फोन आला. बाळ बिघडलं होतं. दूध बंद केलं होतं, डॉक्टर जमले होते, ऑपरेशन लागेल की नाही ठरत नव्हतं. माझा मॅनेजर इजिप्तचा, एरवी दहा मिनिटांच्या उशिरावर बोलणारा. माझं तोंड पाहून म्हणाला, यल्ला, जा, इन्शाल्ला सगळं ठीक होईल. टॅक्सीत बसले आणि माझ्या मनात एकच होतं, नाव मी फोडलं, हे मी केलं. डोकं सांगत होतं की नावानं कुणी आजारी पडत नाही. तरी ग्रुपवरचा तो फोटो मी पुन्हा पुन्हा उघडत होते. प्रार्थना करायला गेले तर मागणी सुचेना. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे मुद्दा नव्हता. शेवटी म्हटलं, मला काही कळत नाही. तूच बघ. एवढं म्हटल्यावर फोन बॅगेत ठेवता आला. का, ते मला सांगता येणार नाही.

पोचले तेव्हा धावपळ शमली होती. आतड्याला सूज येऊ लागली होती. तपासणारा डॉक्टर म्हणाला, फार लवकर लक्षात आलं, मशीन ओरडण्याच्याही आधी. औषधावर भागेल, असं त्याला वाटत होतं. लक्षात कुणाच्या आलं, ते दिनानं मला दाखवलं. सकाळच्या पाळीची सिस्टर, रोज आम्हाला दिसणारी, चष्मा लावणारी. ती माझ्याशी चक्क मराठीत बोलली. वसईची होती. म्हणाली, इथे काचेवर मराठी अक्षरं कुठून आली म्हणून मी थांबले. “वाचत उभी राहिले, म्हणून पाहिलं. पोट फुगलेलं, रंग उतरलेला. नाहीतर मी पुढच्या पेटीकडे निघाले होते.”

मी तिचे हात धरले आणि तोंड उघडलं, तर तिला काय म्हणावं ते कळेना. तेवीस दिवस मी तिला ‘सिस्टर’ म्हणत होते. तिच्या छातीवर ठळक अक्षरांत नाव लिहिलेलं होतं. भाच्याला नाव नाही म्हणून भांडणाऱ्या मला ते एकदाही वाचावंसं वाटलं नव्हतं. ब्रिजिट. त्या दिवशी वाचलं.

हा चमत्कार होता की कागदाचा तुकडा योग्य जागी लागला होता, यावर मी वाद घालणार नाही. ऑपरेशन लागलं नाही. फेब्रुवारीत तो दुबईतल्या अल कुसैसला, दिनाच्या घरी आला. सुंता झाली तेव्हा आई ठाण्याहून आली होती आणि नाव सगळ्यांत मोठ्यानं तिनं घेतलं. मग आभाराचा मलिदा. गोड पोहे, खोबरं, पाच फळं, खजूर आणि गुलाब, एलियाहू हनाबी या आमच्या संदेष्ट्याच्या नावानं. गुलाब आणायला बर दुबईत देवळाच्या गल्लीत गेले तर फुलवाल्यानं विचारलं, कोणत्या देवाला? मी एलियाहूचं नाव सांगितलं. “नया है क्या?” म्हणाला. मी म्हटलं, नाही भैया, बहुत पुराना. त्यानं दोन फुलं जास्त घातली. प्रार्थनेला दहा माणसं लागतात, ती मोजताना मला, बाई म्हणून, मोजलं नाही. ते भांडण मी राखून ठेवलंय. ब्रिजिट आली होती. आईनं तो कागद घडी न पाडता मलिद्याच्या ताटाखाली ठेवला आणि पहिला घास तिला दिला. रूबेन शांत झोपला होता, साडेतीन किलोचा.

मागणी करणं मी सोडलेलं नाही. पण काही मागण्या करून झाल्या की हात खाली घ्यावे लागतात आणि कोण थांबून वाचतं, ते देवावर सोपवावं लागतं. त्या सकाळी वाचणारी थांबली. आता मागणी तुमच्याकडे आहे. तुमच्या लिफ्टपाशी, गेटवर, वॉर्डात रोज दिसणारं एक माणूस आहे, ज्याला तुम्ही त्याच्या कामाच्या नावानं हाक मारता. उद्या त्याच्यासमोर थांबा. त्याच्या छातीवरचं नाव वाचा, नसेल तर विचारा. आणि मग त्या माणसाकडे पाहा.