भिंत खारट झाली तेव्हा

नोकरीत असताना किस्से सांगायला फुरसत नसते, आणि फुरसत मिळते तेव्हा ऐकणारे पेंगतात. आज तुम्ही सापडला आहात, सोडत नाही. तीस सालच्या आसपास मी मंद्रूपजवळच्या माळावर कालव्याच्या बोगद्यावर हजेरी-कारकून होतो. त्या एका बोगद्याने जेवढे किस्से दिले, तेवढे पुढच्या सगळ्या नोकरीत मिळून जमले नाहीत.

*

पुण्याहून नवे इंजिनिअर साहेब आले. पहिल्याच दिवशी बोगद्यात शिरले, तर आमचा मुकादम यल्लप्पा कंदील वर धरून भिंत चाटतोय!

“हे काय चाललंय?”

“पाण्याची चौकशी, सायेब,” यल्लप्पा म्हणाला. “गोड हाय तवर भ्या न्हाय.”

खडकातून पाझरणारं पाणी गोडं असायचं. वर माळावर एक पडीक विहीर होती, काठोकाठ भरलेली. तिचं पाणी मात्र खारट. भिंत खारट लागली की समजायचं, विहीर जवळ आली. मग सुरुंग लावला तर अख्खी विहीर आतल्या माणसांच्या अंगावर. यल्लप्पाचं शास्त्र एवढंच होतं आणि ते मला पटलं होतं.

*

साहेबांना पटलं नाही. त्यांनी टेबलावर नकाशा पसरला. “या लाईनवर विहीरच नाही.”

यल्लप्पाला वाचता येत नव्हतं, तरी त्याने नकाशा बराच वेळ निरखला.

“नसंल, सायेब. पर माझी म्हस पडली हुती की तिच्यात.”

*

महिन्याभरात भिंत खारट झाली. यल्लप्पाने काम थांबवलं. साहेब आत आले, ओल्या भिंतीवर बोट फिरवून जिभेला लावलं आणि म्हणाले, “मला तर काही लागत नाही.”

पाट्या वाहणाऱ्या बायकांची म्होरकी गंगूबाई मागेच उभी होती. यल्लप्पाची बायको. नवऱ्यापेक्षा दोन बोटं उंच आणि कुणाच्या बापाला न भिणारी.

“आदी तोंडातलं पान थुका, सायेब,” ती म्हणाली.

साहेबांनी पान थुंकलं नाही. मला वाटतं, चव लागेल याचीच त्यांना भीती वाटली.

*

साहेबांनी सुरुंग लावायचा हुकूम सोडला, तरी दुसऱ्या दिवशी गँगमधलं एकही माणूस आत गेलं नाही. गंगूबाई बोगद्याच्या तोंडाशी पाटी पालथी घालून तिच्यावर बसली.

“सुरुंग हाय तवर आमी न्हाय,” तिने सांगून टाकलं.

साहेब माझ्याकडे वळले. “सगळ्यांची गैरहजेरी मांडा. चार दिवसांत आत गेले नाहीत तर सगळे कामावरून कमी.”

खरं सांगतो, मला संताप आला. मी एकेक नाव घेत गैरहजेरी मांडली आणि शेवटी माझंही नाव लिहिलं.

“तुम्ही तर हजर आहात,” साहेब म्हणाले.

“बोगद्याबाहेर आहे, साहेब. हे लोकही बाहेर हजरच आहेत.”

*

गंगूबाईचा भाऊ सोलापुरात सूत रंगवायच्या कामावर होता. त्याने बैलगाडीतून लाल रंगाची दोन पिंपं आणली. यल्लप्पाने साहेबांना मुद्दाम माळावर बोलावलं आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ती पिंपं विहिरीत ओतली.

“दोन दिस थांबा, सायेब. बोगद्यात लाल आलं, तर हीर तुमच्या भिंतीमागं. न्हाय आलं, तर सुरुंग मी सोता लावतो.”

“होळी खेळताय का?” साहेब हसले. पण थांबले, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते पांढरी हॅट घालून आले. कंदील उचलला आणि आम्हाला ऐकू जाईल असं म्हणाले, “आत कसं जायचं ते बघा.” गेले एकटेच. कुणी मागे गेलं नाही. गंगूबाई पाटीवरून हललीसुद्धा नाही.

बऱ्याच वेळाने साहेब बाहेर आले. उन्हात उभं राहून त्यांनी हॅट काढली आणि हातात धरून पाहत राहिले. हॅटवर लाल थेंबच थेंब होते. मग माझ्यासमोर येऊन त्यांनी हजेरीपटावर बोट ठेवलं.

“कारकून, आज माझीही गैरहजेरी मांडा.”