नांगराला हात

क्रांजीच्या शेतावरच्या शेडमध्ये तो ट्रॅक्टर मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्याच्या सीटवर कोंबडी बसली होती. बागेत चालवायचा छोटा ट्रॅक्टर, जवळजवळ माझ्याच वयाचा. कोणी अमेरिकन कुटुंब परत जाताना सोडून गेलं होतं. पुढे बर्फ ढकलायचं पातं. सिंगापुरात. रविवारी मी तिथं हौसेनं कामाला हात लावायला जायचे. शेताचे मालक, सत्तरीचे चिनी अंकल, म्हणाले की महिन्याच्या शेवटच्या रविवारी भंगारवाला येतोय. तोवर यानं मागची जमिनीची पट्टी नांगरून दाखवली तर ट्रॅक्टर राहील आणि पट्टी मला कसायला मिळेल. नाहीतर दोन्ही विसरायचं. हे सांगताना ते हसले, म्हणून मी लगेच हो म्हटलं.

साताऱ्याजवळच्या आमच्या शेतात मी खुरपलं, उसाचं बेणं लावलं, भुईमूग उपटला. फक्त नांगराला हात लावायचा नाही. बाईनं नांगर धरायचा नसतो, एवढंच उत्तर. का, असं विचारलं की आई पाणी आणायला पिटाळायची. तो राग मी पासपोर्टबरोबर इकडे घेऊन आले होते.

इथं क्वीन्सटाउनच्या ऑफिसात मी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. इंजिनाच्या चुका त्यापेक्षा प्रामाणिक असतात. दोन रविवारांत कार्बोरेटर धुतला, प्लग आणि पट्टा बदलला, गंजलेले बोल्ट तोडून ते बर्फाचं पातं उतरवलं. इंजिन खोकलं आणि सुरू झालं. मग मराठी मंडळींच्या ग्रुपवर मी लिहिलं, ‘जुना नांगर कुणाकडे मिळेल का? छोटा चालेल.’

तिसऱ्या रविवारी हार्बरफ्रंटला शिपिंगमध्ये काम करणारे एक गृहस्थ गाडीच्या डिकीतून नांगर घेऊन हजर. बोटीचा. चांगला पंचवीस किलोचा, साखळीसकट. जन्म बंदरात गेलेल्या माणसाला नांगर म्हटल्यावर दुसरं काय सुचणार? मी पोट धरून हसले. त्यांना ते लागलं असावं. ट्रॅक्टरकडे बघत ते म्हणाले, “वहिनी, तसंही आपल्यात बायका नांगर धरत नाहीत. हा ठेवा शोभेला.”

माझं हसू तिथंच थांबलं. मी आभार मानले, नांगर ठेवून घेतला, आणि सोमवारी एका तामिळ वेल्डरकडे जाऊन कागदावर फाळ काढून दाखवला. त्यानं शनिवारपर्यंत जाड पत्र्याचा खरा नांगर बनवून दिला.

शेवटच्या रविवारी तो मागे जोडला, सीटवर बसले, गिअर टाकला. फाळ जमिनीत घुसला आणि मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. ओली लाल माती, हलका ट्रॅक्टर. तीनदा तेच. अंकलनी घड्याळ पाहिलं. मला रडू यायला लागलं होतं, आणि रडू आलं की मला आणखी राग येतो. मागे वजन हवं होतं. शेडमध्ये वजन म्हणण्यासारखी एकच वस्तू होती. बोटीचा नांगर ओढत आणला, साखळीनं सीटच्या मागे, बरोबर दोन चाकांच्या मध्ये करकचून बांधला आणि पुन्हा गिअर टाकला.

चाकांनी माती धरली. मागे वळून पाहिलं तर मातीत चर उमटत होता, तास पडत होतं. वाकडं होतं, पण नांगराचंच तास होतं, आणि ते मी पाडलं होतं. तीस वर्षं हात मागे घ्यायला लावणाऱ्या सगळ्यांना मी मोठ्यानं मराठीत शिव्या घातल्या. इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू गेल्या नाहीत.

चौथं तास चालू असताना भंगाराची लॉरी आली. ड्रायव्हर उतरून सरळ माझ्याकडे यायला लागला. अंकल त्याच्या आडवे गेले.

“नॉट फॉर सेल लाह,” ते म्हणाले. “शी यूजिंग.”

ड्रायव्हर मी थांबेन म्हणून बघत उभा राहिला. मी थांबले नाही. अजून अर्धी पट्टी बाकी होती.