नोरीनने डेल्माच्या पुस्तकाचं प्रकाशन केलं ते वर्ष

नोरीन ऑस्ट्रेलियातल्या आमच्या कॅसलमेन गावात शाळेची बस चालवते. सकाळी पोरं सोडली की दुपारपर्यंत बस निलगिरीच्या सावलीत लावायची आणि स्टिअरिंगला वही टेकवून कादंबरी लिहायची. कित्येक वर्षं एकच कादंबरी चाललीये. तिची आई एका ओसाड पडत चाललेल्या गावात पब चालवायची, त्याची. मी शाळेत होते तेव्हापासून ऐकतेय. आता मी बेंडिगोला कॉलेजला जाते, आमच्या लेखकांच्या गटात तिच्या शेजारी बसते, तरी कादंबरीतली आई अजून पबमध्येच.

आमचा गट म्हणजे वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर मंगळवारी जमणारी सात-आठ माणसं. कोणी काही वाचून दाखवलं आणि बाकीचे "वाईट नाही" म्हणाले की तो माणूस आठवडाभर हवेत.

डेल्माला गटात नोरीननेच आणलं. डेल्माचा नवरा गेला होता आणि ती दिवसभर घरात बसून असायची. आल्यावर तिने लिहायला घेतलं आणि, काय सांगू, धडाधड लिहीत सुटली. आणि फेब्रुवारीत एका मंगळवारी, बाहेर नुसती भट्टी पेटलेली, डेल्मा चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "मेलबर्नच्या प्रकाशकांनी घेतलं माझं पुस्तक."

सगळे ओरडले. मीपण ओरडले, आणि अक्षरशः जळलेपण. आणि मी तर फक्त कविता करते! नोरीनकडे बघितलं. ती कस्टर्ड भरलेल्या पेस्ट्रीची वडी कापत होती. सुरी इतकी जोरात दाबली की सगळं कस्टर्ड बाजूने बाहेर.

"वाईट नाही," नोरीन म्हणाली.

"आणि प्रकाशनाचं भाषण तू करायचंस हं," डेल्मा म्हणाली. "दुसऱ्या कोणाला मी विचारणारच नाही."

संपलं! आमच्याकडे पुस्तकाचं प्रकाशन मित्रानेच करायचं असतं. नाही म्हटलं तर जळतेयस हे अख्ख्या गावाला कळणार.

दोन महिने नोरीन त्या भाषणापायी कादंबरीला शिवली नाही. एकदा मला बसमध्ये वाचून दाखवलं. 'आमची गुणी डेल्मा', 'उजळलेली प्रतिभा', असलं काहीतरी.

"शी," मी म्हणाले. "हे कोणी मेल्यावर बोलतात."

"तेच डोळ्यासमोर आणून लिहिलंय," नोरीन म्हणाली.

मे महिन्यात गावच्या जुन्या हॉलमध्ये प्रकाशन. गारठा, गॅसचे हीटर, रेड वाइन, चीजचे तुकडे. हॉल भरलेला. नोरीनला छापून आलेलं पुस्तक तिथेच हातात मिळालं आणि तिने आधी काय उघडावं, तर शेवटचं आभाराचं पान. मी तिच्या खांद्यावरून वाचलं. संपादक, मुलगी, शेजारी, डेल्माचा कुत्रा बिस्किट, आणि मग नोरीन. कुत्र्याच्या नंतर!

नोरीन उठली. कागद घडी करून खिशात टाकला आणि माइक धरला.

"डेल्माला गटात मी आणलं," ती म्हणाली. "कारण ती रोज मला फोन करून रडायची आणि मला जरा शांतता हवी होती."

हॉल खदखदून हसला.

"पहिली गोष्ट आणली तेव्हा बाईला पूर्णविराम माहीत नव्हता. ह्या पुस्तकातले सगळे पूर्णविराम माझे आहेत. त्याचे पैसे मिळालेले नाहीत."

अजून हशा. कोणीतरी मागून ओरडलं, "दे तिला, नोरीन!"

"मी हसण्यासारखं बोलत नाहीये," नोरीन म्हणाली. ह्यावर तर लोकांनी टेबलं बडवली. तिचा आवाज चिरकायला लागला होता. "प्रकाशकांनी आधीच पाठवलेली, आभाराच्या पानाशिवायची कच्ची प्रत मी रात्रभर जागून वाचली. चूक सापडावी म्हणून. एक तरी फालतू पान सापडावं म्हणून. नाही सापडलं. मला इतका राग आला की मी पुस्तक भिंतीवर फेकलं, मग उठून उचललं आणि परत वाचलं. घ्या विकत. मी निघते."

अख्खा हॉल उभा राहून टाळ्या! सगळी पुस्तकं संपली. गावाने ठरवूनच टाकलं, असं प्रेमाने फाडणारं भाषण आजवर झालं नाही. डेल्मा एकटी हसत नव्हती.

मग जी रीघ लागली! हिवाळाभर ज्याचं-त्याचं पुस्तक निघालं की नोरीनला बोलावणं. ती जितकी कडवट बोलायची तितके लोक खूश. तिच्या स्वतःच्या कादंबरीचं कोणी नावही काढेना. नोव्हेंबरमध्ये बेंडिगोच्या साहित्य महोत्सवातही तिला बोलावलं, कशाला, तर डेल्माची मुलाखत घ्यायला.

परतताना नोरीन बस चालवत होती, पुढच्या सीटवर डेल्मा, मागे मी.

"मे महिन्यात तू खरं बोलत होतीस ना?" डेल्माने विचारलं.

"शब्दन् शब्द."

"वाटलंच मला. मग आता माझं ऐक. तुझी कादंबरी छान आहे गं, पण तू ती मुद्दाम संपवत नाहीस. संपली की लोक वाचतील ना."

नोरीनने करकचून ब्रेक मारला. दार उघडलं. "उतर."

"बाई, इथे? हरकोर्टच्या सफरचंदांच्या बागेत?"

"उतर म्हणते ना!"

डेल्मा उतरली. आम्ही निघालो. मी रडायलाच लागले, इतकी भीती वाटली मला की झालं, ह्या दोघींचं आता तुटलं. आणि खरं सांगू, वर हेवाही वाटत होता. माझ्या कवितेतली चूक शोधायला आजवर कोणी झोप मोडलेली नाही. सगळे आपले "गोड आहे" म्हणतात.

थोडं पुढे गेल्यावर नोरीनने बस थांबवली आणि रिव्हर्स टाकला. टूं टूं टूं करत बस उलटी मागे. डेल्मा कुंपणाला टेकून माश्या हाकलत उभी होती. दार उघडलं, ती चढली, बसली, पट्टा लावला.

"आई पब सोडून जाते का शेवटी?" तिने विचारलं.

"जायला हवं," नोरीन रस्त्याकडे बघत म्हणाली. "पण ती गेली की मी दुपारी बसमध्ये बसून कोणाशी बोलू?"

डेल्मा म्हणाली, "माझ्याशी बोल."

नोरीनने गिअर टाकला.

"तुझ्याशी नको," ती म्हणाली. "तू ते लगेच लिहून छापशील." आणि बस सुरू करता करता, तिच्याकडे न बघताच, "मंगळवारी शेवटचं प्रकरण आणते. एकही चांगला शब्द बोललीस तर बघ."